दिलं, साहेब

"माणसाला त्याची पायरी दाखवणारे शोध जगात आजवर दोनच झाले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हा पहिला. माणूस माकडापासून झाला, हा दुसरा. आणि आज, सज्जनहो, या दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याशी, आपल्या या छोट्याशा क्लबात, तिसरा शोध—"

"साहेब, कांदाभजी संपली," वेटर म्हणाला. "बटाट्याची चालेल?"

अच्युतराव नाडगौडांनी क्षणभर विचार केला. "चालेल. पण गरम आण," ते म्हणाले, आणि तिसरा शोध तसाच अर्धवट लोंबकळत राहिला. 'सज्जनहो' म्हणून ज्यांना साद घातली होती ते एकटे गणपुले होते, पूर्वी नोकरीत त्यांच्या हाताखाली असलेले. टाळ्या वाजवायला वर घेतलेले हात त्यांनी गुपचूप मांडीवर ठेवले.

गोष्ट फार पुढची नाही. आज शाळेत जाणारी तुमची नातवंडं नोकरीला लागतील, तेव्हाची. मोटारी आपल्या आपण चालत होत्या, मे महिना मार्चमध्येच येऊन बसत होता आणि पाण्याच्या टंचाईपायी गोल्फच्या मैदानांवर हिरवळ राखायला बंदी आली होती. होलभोवती पूर्वी जिथे मखमली गवत असे तिथे आता तेल पाजलेली तपकिरी वाळू पसरलेली असे. सभासदांनी आधी निषेध केला, मग सवय करून घेतली.

ज्यांना या खेळाचा गंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. चेंडू लांबून हाणत हाणत होलपाशी आणायचा आणि शेवटी पटर नावाच्या काठीने अलगद टोला, म्हणजे 'पट', मारून आत घालायचा. हाणणं हे ताकदीचं काम, आत घालणं हे स्वभावाचं. आणि यात एक जुनी रीत आहे. चेंडू होलच्या अगदी तोंडाशी येऊन थांबला, की समोरचा खेळाडू दिलदारपणे म्हणू शकतो, 'राहू दे, गेलाच असं समज.' आपल्याकडे त्याला नुसतं 'दिलं' म्हणत.

अच्युतराव 'त्रिकूट पंप्स'चे निवृत्त मॅनेजिंग डायरेक्टर. क्लब कंपनीच्याच जागेवर उभा राहिलेला, त्यामुळे सभासद म्हणजे कंपनीचे अधिकारी, नाहीतर कंपनीला माल पुरवणारे, नाहीतर त्यांचे जावई. साहेबांचा चेंडू होलच्या तीन फुटांत आला, की साहेब तिथे पोचण्याआधी 'दिलं, साहेब!' पोचलेलं असे. साहेब वाकत, चेंडू उचलत, खिशात टाकत आणि 'थँक्यू' म्हणत. 'नाडगौडांचा जवळचा पट कधी चुकत नाही' अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती. ती खरीही होती. जो मारलाच नाही तो चुकणार कसा?

या सुखी संसारात यंदा एक दाताची डॉक्टर शिरली होती. मिरजेची फरीदा मुल्ला, वय पस्तिशीचं, सभासद होऊन जेमतेम वर्ष. अध्यक्ष चषकाच्या उपान्त्य सामन्यात गणपुल्यांचा चेंडू होलपासून चार बोटांवर थांबला. गणपुल्यांनी सवयीने तिच्याकडे पाहिलं. ती आभाळाकडे पाहत होती.

"डॉक्टर, एवढं...?" गणपुले म्हणाले.

"काका, नुसता हललेला दात आम्ही निघाला असं धरत नाही," ती म्हणाली. गणपुल्यांनी मारला, चुकला, आणि डॉक्टरीण अंतिम फेरीत आली. रविवारी तिच्यासमोर अच्युतराव होते. तेव्हापासून अच्युतराव रात्री उठून येरझारा घालत. त्याला ते ॲसिडिटी म्हणत.

म्हणूनच आज ते क्लबात 'पारखी' नावाच्या नव्या यंत्राकडे आले होते. माणसाच्या हाताची चाल ओळखून तिला साजेसा पटर जागच्या जागी घडवून देणारं हे यंत्र क्लबाने नुकतंच आणलं होतं.

शेजारच्या टेबलावर त्यांच्या पत्नी वसुमतीबाई एका लोकरीच्या कानटोपीवरचं किमतीचं लेबल कातरत बसल्या होत्या. बाहेर पारा बेचाळिसाला टेकलेला. या उन्हात कानटोपी कशाला, हा प्रश्न अच्युतरावांना पडला नव्हता. वसुमतीबाई वनस्पतिशास्त्राच्या. त्यांचा विषय दगडफूल. तुम्हाआम्हाला ते गोड्या मसाल्यात भेटतं, त्यांना झाडांच्या सालींवर आणि कातळांवर भेटायचं. हिमनद्या आटण्याआधी अरुणाचलातल्या तवांगच्या डोंगरांवरच्या दगडफुलांची नोंद करायला वर्षभर माणूस हवं होतं आणि या वयात त्यांना तिकडून बोलावणं आलं होतं. सोमवारी नाश्त्याला त्यांनी ते सांगितलं. "रविवारी दुपारपर्यंत कळवायचंय," त्या म्हणाल्या. "बघू," अच्युतराव म्हणाले आणि त्यांच्यापुरता विषय मिटला.

*

पारखीच्या खोलीत हिरवी चटई होती, चटईच्या टोकाला होल होतं आणि मधोमध निनाद कोरगावकर उभा होता. मेंदूशास्त्रात डॉक्टरेट करून हा मुलगा पटर विकत होता. त्याबद्दल त्याच्या आईला वाईट वाटत असे, त्याला नाही. अच्युतरावांबरोबर गणपुले आले होते आणि कानटोपी घेऊन वसुमतीबाईही.

"सर, सोपं आहे," अच्युतरावांच्या डोक्यावर तारांची टोपी आणि मनगटावर पट्टा चढवत तो म्हणाला. "पटरांची दोन घराणी. काहींचा हात झोपाळ्यासारखा चालतो, सरळ मागे, सरळ पुढे. काहींचा बिजागरीवरच्या दारासारखा वळत जातो. झोपाळेवाल्यांचा पटर बोटावर आडवा तोलला तर आभाळाकडे तोंड करून पडतो. दारवाल्यांचा तोलला, की नाक जमिनीकडे लोंबवतो. याचा त्याला दिला, की चेंडू भलतीकडे. लोक जन्मभर स्वतःला दोष देतात. दोष काठीचा असतो."

हे शेवटचं वाक्य अच्युतरावांना फारच आवडलं. "गणपुले, ऐकलंत?"

"अगदी बरोबर, साहेब," गणपुले म्हणाले.

"हे झालं जुनं शास्त्र," कोरगावकर पुढे म्हणाला. "पारखीची खरी गंमत टोपीत आहे. मेंदू कुठलीही हालचाल करण्याआधी तिचा शेवट रंगवून ठेवतो. जिना उतरताना पुढे पायरी आहे हे पायाच्या आधी मेंदूला ठाऊक असतं. नसलेल्या पायरीवर पाय पडला, की पोटात खड्डा पडतो ना, तो त्याचमुळे. वाटलं होतं एक, घडलं भलतंच. त्या फरकातून मेंदू शिकतो. आमची टोपी ते 'वाटलं होतं' वाचते आणि पटर त्याला जुळवून घडवते."

दहा फुटांवरून अच्युतराव झकास खेळले. "दारवाले आहात, सर! नाक लोंबणारा पटर!" कोरगावकर खूश झाला. सहा फुटांवरूनही ठीक. मग त्याने चेंडू तीन फुटांवर ठेवला.

अच्युतराव चेंडूपाशी उभे राहिले. पटर रुबाबात मागे गेला, रुबाबात पुढे आला आणि चेंडूच्या बोटभर अलीकडे थांबला. अच्युतराव वाकले, चेंडू उचलला, खिशात टाकला आणि म्हणाले, "थँक्यू."

कोरगावकरने होलमध्ये डोकावून पाहिलं.

"सर, मारा ना," कोरगावकर म्हणाला.

"मारला की."

"सर, चेंडू तुमच्या खिशात आहे."

अच्युतरावांनी खिशात हात घातला. चेंडू निघाला. तळहातावरच्या त्या चेंडूकडे ते असे पाहत राहिले, जणू कुणीतरी त्यांच्या हातात त्यांचाच दात ठेवला होता. "पुन्हा ठेव," ते म्हणाले. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. या वेळी 'थँक्यू' जरा हळू आलं, पण आलं.

यंत्राच्या पडद्यावरची उसळती रेघ पाहून कोरगावकर डोकं खाजवू लागला. "हे मी कधी पाहिलंच नाहीये, सर. इतक्या जवळून मारताना मेंदूत होल दिसायला हवं. तुमच्या मेंदूत होलच नाहीये. डोळ्यांचा भाग बंद, कानांचा भाग लख्ख पेटलेला. तुमचा मेंदू बघत नाहीये, तो कान देऊन बसलाय. कुठल्या तरी आवाजाची वाट पाहतोय."

"कसला आवाज?"

"तेच कळत नाहीये."

गणपुले खिडकीबाहेरच्या कडुलिंबाचं बारकाईने निरीक्षण करू लागले.

"गणपुले," कानटोपीवरची नजर न हलवता वसुमतीबाई म्हणाल्या, "म्हणा आता."

"वहिनी, मी काय म्हणणार..."

"म्हणा."

गणपुल्यांनी घसा खाकरला. "दिलं, साहेब," ते कसंबसं पुटपुटले.

पडद्यावरची ती खवळलेली रेघ अंगाई ऐकून पोर निजावं तशी शांत झाली.

अच्युतराव खुर्चीत बसले. बसले म्हणण्यापेक्षा, खुर्ची होती म्हणून वाचले. "इतकी वर्षं?" त्यांनी विचारलं.

"सुरुवातीला आमची प्रमोशनं होती, साहेब."

"पण मी रिटायर होऊन आठ वर्षं झाली!"

"तोंडाला सवय लागते, साहेब."

"म्हणजे माझं ते नवं पंपाचं डिझाइन? सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या ते? ते चाललं होतं ना?"

"चाललं होतं की," गणपुले म्हणाले. मग त्यांच्यातला सज्जन माणूस जागा झाला. "गोदामात."

कोरगावकरने दरम्यान निकाल लावला होता. "सॉरी, सर. तुमच्या चालीला साजेसा पटर घडतच नाही. तीन फुटांच्या आत तुमच्या मनगटाचा जो स्नायू तयार होतो तो मारायचा नाहीच, तो उचलायचा आहे. तुम्हाला खरं तर पटर नको, चिमटा हवा."

चिमट्यावरून विषय काढायला कोरगावकर घाईने वसुमतीबाईंकडे वळला. "मॅडम, तुम्ही बघता का एकदा? नुसतं गंमत म्हणून."

वसुमतीबाईंनी जन्मात पटर धरला नव्हता. त्यांनी तो खराट्यासारखा धरला, चेंडूकडे पाहिलं, होलकडे पाहिलं आणि मारला. चेंडू वेडावाकडा गेला आणि होलच्या शेजारून निघून गेला. त्यांनी मान हलवली, दुसरा मागून घेतला, मारला. तो काठावर अडखळला. तिसरा आत गेला.

यंत्राने एक गोड किणकिण केली आणि भिंतीतली भट्टी सुरू झाली.

"वा!" कोरगावकर ओरडला. "मॅडम, हात कच्चा आहे, पण तो शिकवता येतो. मेंदू किती स्वच्छ! प्रत्येक टोला शेवटापर्यंत. कुणी काही देईल अशी अपेक्षाच नाहीये तुमच्या मेंदूला!"

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की कौतुक म्हणून हे वाक्य तितकंसं जमलेलं नाही.

"हे तुमच्या यंत्राला आज कळलं होय?" वसुमतीबाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने भट्टीतून वसुमतीबाईंच्या उंचीचा, वसुमतीबाईंच्या वजनाला साजेसा, सुबक आणि किंचित आखूड पटर बाहेर आला. पटर घ्यायला आलेले अच्युतराव मात्र मनगटावर एक काळं कडं घेऊन घरी गेले. "उचलायचा स्नायू तयार झाला, की हे गुरगुरेल," कोरगावकरने समजावलं होतं. "स्वतःला पकडायला शिका, सर. रविवारपर्यंत सुधाराल."

*

घरी पहिल्याच जेवणाला ते गुरगुरलं. समोर चेंडू नाही, होल नाही. अच्युतराव एवढंच म्हणाले होते, "मला वाटतं, राजकारणात आता काही राम राहिला नाही." वसुमतीबाईंनी 'हो ना' म्हणायच्या आधी मनगटाखाली भुंगा अडकल्यासारखा आवाज झाला.

अच्युतराव दचकले. वसुमतीबाईंनी वाटी खाली ठेवली.

"पुन्हा बोला बघू काहीतरी," त्या म्हणाल्या.

"आमटी थोडी पातळ झालीय." गुर्रर्र.

"झाली नाहीये. पुढे?"

असं कधी झालं नव्हतं. 'झाली असेल, उद्या घट्ट करते' हे उत्तर ठरलेलं होतं. कान ते ऐकायला तयार होते, मनगट उचलायला तयार होतं, आणि समोर नुसती पातळ न झालेली आमटी होती. अच्युतरावांच्या पोटात तो जिन्याचा खड्डा पडला.

पुढचे दिवस भयंकर गेले. शेजाऱ्यांना जुना विनोद सांगताना कडं शेवटच्या वाक्याआधीच गुरगुरलं आणि अच्युतरावांना प्रथमच दिसलं, की शेजारी हसतात ते फक्त ओठांनी. मुलीला फोनवर त्यांनी विचारलं, "बाबांनी तुमच्यासाठी काही कमी केलं नाही ना?" कडं इतकं थरथरलं, की मुलीने विचारलं, "बाबा, मिक्सर चालू आहे का?" आयुष्यभर जिंकलेले वाद एकेक करून आठवू लागले आणि प्रत्येकाच्या टोकाशी त्यांना स्वतःची, चेंडू उचलायला वाकलेली पाठ दिसू लागली.

शुक्रवारी संध्याकाळी ते वसुमतीबाईंसमोर येऊन बसले. "वसू, तूसुद्धा?"

"मी काय?"

"तूसुद्धा मला दिलंस?"

वसुमतीबाई जवस निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "लखनौची फेलोशिप आली होती मला. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

"नाही म्हणालो असेन."

"नाही म्हणाला असतात तर कडाकडा भांडले असते मी तुमच्याशी. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. नुसते उभे राहिलात. मीच म्हटलं, 'मग राहू दे का?' आणि तुम्ही चेंडू उचललात. थँक्यूसुद्धा म्हणालात."

अच्युतरावांना तो दिवस लख्ख आठवला. त्यांना तो आजवर एक मोठा आनंदाचा दिवस म्हणून आठवत असे. त्यांचा चेहरा पाहून वसुमतीबाईंनी पंखा वाढवला.

मग ते ताडकन उठून उभे राहिले. "तू तवांगला जा! माझी पूर्ण परवानगी आहे!"

गुर्रर्र.

"माझी काळजी करू नकोस! मी राहीन कसाही. कुकर लावायला शिकेन!"

गुर्रर्र. गुर्रर्र.

"मी तुझ्या आड येणार नाही!"

कडं असं काही कोकललं, की वसुमतीबाईंना हसू आवरेना. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अहो, बसा. परवानगी मागितली कुठे होती मी? कळवलं होतं. तुम्ही एवढे उदार होताय ते मी 'जाऊ दे, नाही जात' म्हणावं म्हणून. ऐकतंय ते कडं."

अच्युतराव बसले. ते खरं होतं, आणि ते आपल्याला ठाऊक नव्हतं याचा त्यांना जास्त धक्का बसला.

"हे बघा," वसुमतीबाई म्हणाल्या, आता हसू बाजूला ठेवून. "रविवारी दुपारी मी कळवणार. काय कळवायचं ते माझं मी ठरवीन. पण त्याआधी तुमच्या तोंडून मला एक वाक्य ऐकायचंय. 'जा' म्हणा, 'जाऊ नको' म्हणा, काय वाटेल ते म्हणा. फक्त ते म्हणताना हे कडं वाजता कामा नये. इतक्या वर्षांत तुम्ही मला एक टोला पूर्ण मारलेला नाही. तेवढा मारा. नाहीतर तिकडे कातळांवर बसून मला वर्षभर तोच अर्धवट टोला ऐकू येत राहील."

शनिवारभर अच्युतराव न्हाणीघराच्या आरशासमोर उभे होते. "जा." गुर्रर्र. "जाऊ नको." गुर्रर्र. "तुला वाटेल ते कर." यावर कड्याने जो आवाज काढला तो लिहून दाखवण्यासारखा नाही.

*

रविवारी उन्हाच्या आधी सामना सुरू झाला. डॉक्टर फरीदा वेलदोडा चघळत आली, "गुड मॉर्निंग, काका" म्हणाली आणि त्यानंतर एक अक्षर बोलली नाही.

अच्युतरावांजवळ तोच जुना पटर होता. पहिल्या होलला त्यांचा चेंडू दोन फुटांवर थांबला. त्यांनी कान दिला. एक टिटवी ओरडली, बाकी काही नाही. मारावा लागला. चेंडू होलला वळसा घालून पार पलीकडे गेला. बघ्यांमध्ये श्वास अडकल्याचा एक सामुदायिक आवाज झाला. नाडगौडांचा जवळचा पट चुकलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्याहून मोठा धक्का, तो मारताना पाहण्याचा होता.

तरीही लांबून हाणण्यात अच्युतराव बाप माणूस. जे जवळ गमावत ते दूरवर कमावत. अठराव्या होलला दोघांची बरोबरी होती. आणि तपकिरी वाळूवर शेवटी चित्र असं उभं राहिलं: फरीदाचा चेंडू होलपासून वीतभर, अच्युतरावांचा हातभर. ज्याचा दूर तो आधी मारतो, असा नियम. अच्युतरावांनी घातला तर सामना पुढे जाणार. चुकला, तर वीतभराच्या एका टोल्याने चषक डॉक्टरणीचा.

अच्युतराव उभे राहिले. पटर मागे गेला, पुढे आला आणि चेंडूच्या बोटभर अलीकडे थांबला. कडं गुरगुरत होतं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, पुन्हा थांबला.

"दि—" गर्दीतून आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. गणपुल्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं आणि त्यांचे डोळे विस्फारले होते.

तेवढ्यात वसुमतीबाई वाळूवर आल्या. सकाळपासून त्या आपला नवा पटर काठीसारखा टेकत मागोमाग चालल्या होत्या. तो त्यांनी नवऱ्यापुढे धरला. "हा घेऊन बघा."

"नियमात बसतं का?" अच्युतरावांनी विचारलं.

"बसतं," फरीदा म्हणाली. सकाळपासून तिने दुसऱ्यांदा तोंड उघडलं होतं. "तुमच्या पिशवीत एका काठीची जागा असेल तर."

पटर आखूड होता. नेहमीच्या रुबाबात उभं राहिलं तर तो वाळूपर्यंत पोचेच ना. अच्युतरावांना गुडघे वाकवावे लागले, मान खाली घालावी लागली. इतक्या खालून होल त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं, चेंडू उचलायला वाकायचे ती गोष्ट वेगळी. किती लहान होतं ते! आणि किती काळं! आत जाईल का? त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. पायरी आहे की नाही हे ठाऊक नसताना पाय खाली सोडावा तसा त्यांनी पटर सोडला.

टोला पूर्ण झाला. चेंडू निघाला, काठाला लागला, काठावरून अर्धी प्रदक्षिणा घातली आणि पलीकडे जाऊन स्वस्थ बसला.

चुकला.

अच्युतराव तसेच वाकलेले होते. आपण अजून जिवंत आहोत याचं त्यांना प्रथम नवल वाटलं. मग जाणवलं, की सगळीकडे शांतता आहे. मनगटावरसुद्धा. ते त्याच अवस्थेत, वर न पाहता, हळूच म्हणाले, "वसू, तू जाऊ नयेस असं मला फार वाटतंय. त्या घरात एकटं राहायची मला भीती वाटते. आणि तू जायलाच हवंस. तेव्हाच जायला हवं होतंस."

कडं गप्प होतं.

वसुमतीबाईंनी डॉक्टरने नाडी बघावी तसं त्यांचं मनगट हातात घेतलं. कड्यावर दोनदा टिचकी मारली. "बंद तर नाही पडलं? आज कसे खेळलात?"

"तसा बरा खेळलो," अच्युतराव म्हणाले, "नाही का?"

गुर्रर्र.

"चालू आहे," वसुमतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं. पिशवीत हाताला आली ती कानटोपी, तिनेच त्यांनी डोळे टिपले. मग चष्मा सारखा केला, फोन काढला, एक ओळ लिहिली आणि पाठवून दिली. "दुपारपर्यंत कशाला थांबायचं? येते म्हणून कळवलं."

गणपुले हुंदके देत होते. बघ्यांपैकी कुणी डोळे पुसत होतं, कुणी आपापल्या नवऱ्याकडे संशयाने पाहत होतं. अच्युतराव सावकाश ताठ झाले. कमरेत कळ आली, पण डोक्यात एक विलक्षण उजेड पडला होता. भज्यांपायी अर्धा राहिलेला तो विचार आता कुठे त्यांना पुरता कळला होता, आणि तो जगाला सांगण्याची वेळ हीच होती. त्यांनी पत्नीचा पटर राजदंडासारखा उंच धरला.

"सज्जनहो! माणसाला त्याची पायरी दाखवणारा तिसरा शोध—"

"काका..."

आवाज इतका बारीक होता, की तो कुणाचा हे आधी कळलंच नाही. वीतभर अंतरावरच्या आपल्या चेंडूपाशी डॉक्टर फरीदा मुल्ला उभी होती. वेलदोडा कधीच गिळला गेला होता. कपाळावर घाम होता आणि तिचा पटर चेंडूच्या बोटभर अलीकडे अडला होता.

"काका," इकडेतिकडे पाहत ती कुजबुजली, "एवढं देता का?"